दाटी मोजायची तर आधी छेद बघा

कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची जुनी मुंबई जास्त दाट, की वांद्र्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंतची उपनगरं? कुणालाही विचारा, उत्तर येतं, "अर्थात जुनी मुंबई." आता २०११ च्या जनगणनेचा तक्ता उघडा. मुंबई शहर जिल्हा: दर चौरस किलोमीटरला १९,६५२ माणसं. मुंबई उपनगर जिल्हा: २०,९८०. उपनगर पुढे!

थांबा, निष्कर्ष काढू नका. महापालिकेच्या कागदांत शहराचं क्षेत्रफळ सुमारे ६८ चौरस किलोमीटर आहे आणि उपनगरांचं सुमारे ३७०. माणसं जनगणनेचीच ठेवा, भागाकार तेवढा नव्यानं करा. शहर ४५ हजारांच्या पुढे जातं, उपनगरं २५ हजारांवर राहतात. क्रमच उलटला.

भागाकार दोन्ही वेळा बरोबर आहे. जनगणनेनं शहर जिल्ह्याचं क्षेत्र १५७ चौरस किलोमीटर धरलंय आणि उपनगर जिल्ह्याचं ४४६, एवढाच फरक. घनतेचं गणित चौथीतल्या पोरालाही जमेल: वर माणसं, खाली जागा. पण सगळे वरच्या अंशावर वाद घालतात, "खरी लोकसंख्या किती?", आणि फसगत होते ती खालच्या छेदात. हे काम पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी ही वाट लिहून ठेवतोय. प्रकल्पासाठी आकडे गोळा करणारे विद्यार्थी असोत, बातमी लिहिणारे असोत, की भाड्याचं घर शोधताना "हा भाग फार दाट आहे का हो?" असं विचारणारे असोत. उदाहरणं मुख्यतः मुंबईची आहेत, कारण हे घोळ एकाच ठिकाणी इतके सगळे दुसरीकडे सापडायचे नाहीत.

पायरी १: गर्दी आणि घनता वेगळी करा

संध्याकाळी सहा वाजता दादरच्या पुलावर असते ती गर्दी. तिथे राहणाऱ्या माणसांना जागेनं भागलं की येते ती घनता. जनगणना माणूस मोजते तो राहत्या घरी. कामावर, बाजारात किंवा लोकलमध्ये नव्हे. 'ए' वॉर्डात, म्हणजे फोर्ट, कुलाबा, नरिमन पॉइंट या पट्ट्यात, २०११ साली १,८५,०१४ माणसं राहत होती. दुपारी बारा वाजता तिथे किती असतात, याचा या आकड्याशी काही संबंध नाही. तुम्हाला शौचालयं, पाणी, शाळा यांचा विचार करायचा असेल तर राहणारी माणसं मोजा. पदपथ किती रुंद हवा हे ठरवायचं असेल तर हा आकडा तुमच्या कामाचा नाही, दुसरा शोधा.

पायरी २: सीमा ठरवा, आणि ती कागदावरची असू द्या

"दादर आणि मुलुंड यांची तुलना करतो" असं म्हणून कामाला बसलात तर तासाभरात अडकाल. दादर म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत? पश्चिमेचा भाग 'जी उत्तर' वॉर्डात, हिंदू कॉलनी आणि पूर्वेकडची वस्ती 'एफ उत्तर'मध्ये. लोकांच्या तोंडी असलेल्या नावांना सीमा नसते. घर विकायचं असलं तर ती हवी तशी ताणता येते. दलालाच्या जाहिरातीत परळसुद्धा दादर होतं. पिनकोडवरही विसंबू नका, तो टपालाच्या सोयीसाठी आहे.

मुंबईत सुरुवातीला महापालिकेचे प्रशासकीय वॉर्ड घ्या. २०११ च्या जनगणनेच्या वेळी ते २४ होते, 'ए'पासून 'टी'पर्यंत. नगरसेवक निवडून येतात ते २२७ प्रभाग वेगळे. दोघांनाही बोलताना 'वॉर्ड'च म्हणतात, त्यामुळे एका तक्त्यात हे आणि दुसऱ्यात ते अशी सरमिसळ सर्रास होते. शिवाय प्रभागांच्या हद्दी निवडणुकीआधी बदलतात. आज १०० क्रमांकाचा असलेला प्रभाग दहा वर्षांपूर्वी त्याच जागी होता असं गृहीत धरू नका.

नियम एकच: तुलना करायची ती एकाच जातीच्या तुकड्यांची. वॉर्डाची वॉर्डाशी, जिल्ह्याची जिल्ह्याशी. मी अगदी सुरुवातीला 'ठाण्याची घनता ११५७' असं एका टिपणात लिहून मोकळा झालो होतो, आणि बैठकीत कुणीतरी शांतपणे विचारलं, "म्हणजे नौपाड्यासारख्या भरवस्तीत शेती करतात का?" तो आकडा ठाणे जिल्ह्याचा होता. २०११ चा ठाणे जिल्हा ९,५५८ चौरस किलोमीटरचा होता, जव्हार-मोखाड्यापर्यंत पसरलेला. पालघर जिल्हा त्यातून निघाला १ ऑगस्ट २०१४ ला. ठाणे शहराची घनता त्या आकड्याच्या दहापटीहून जास्त आहे.

पायरी ३: माणसांचा आकडा

इथे फार वेळ घालवू नका. जनगणनेच्या 'प्राथमिक जनगणना गोषवारा' या तक्त्यात वॉर्डनिहाय कुटुंबं आणि लोकसंख्या मिळते; तोच घ्या. हो, तो २०११ चा आहे, आणि हो, तो जुना झालाय. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर 'मुंबई लोकसंख्या यंदाची' असं शोधून जे ठोकळ आकडे हाती लागतात, ते बहुतेक संपूर्ण शहराला एकाच दरानं फुगवून काढलेले असतात. वस्त्यांच्या तुलनेत ते निरुपयोगी ठरतात, कारण वस्त्या एका दरानं वाढत नाहीत. काही तर घटतात.

पुरावा हवा? 'सी' वॉर्ड, म्हणजे काळबादेवी, भुलेश्वर, धोबी तलाव. २००१ साली माणसं २,०२,९२२. २०११ साली १,६६,१६१. संपूर्ण शहर जिल्हाच त्या दशकात ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर आला. त्याच काळात उपनगर जिल्ह्यात सात लाखांहून जास्त माणसं वाढली. एकच दर लावला असता तर दोन्हीकडे चूक झाली असती, तीही उलटसुलट दिशांनी.

मतदारयाद्यांवरून लोकसंख्या काढायचा मोह होतो. यादीत मुलं नसतात, गावी नाव ठेवून इथे राहणारे नसतात, आणि घर सोडून गेलेल्यांची नावं मात्र असतात. भाडेकरूंच्या वस्तीत आणि जुन्या मालकी घरांच्या वस्तीत ही चूक सारखी पडत नाही, म्हणून तुलनेसाठी नको.

पायरी ४: क्षेत्रफळ, आणि ते कुठून आलं हे शेजारी लिहून ठेवा

बृहन्मुंबईची २०११ ची लोकसंख्या १,२४,४२,३७३. जनगणनेच्या ६०३ चौरस किलोमीटरनं भागली तर घनता २०,६०० च्या घरात. महापालिकेच्या ४३८ नं भागली तर २८,४०० च्या घरात. वर्तमानपत्रांत दोन्ही आकडे वाचायला मिळतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं मधल्या काळात आठ हजार माणसं वाढली.

तेव्हा तक्त्यात 'क्षेत्रफळ' या रकान्याशेजारी 'कुणाचं' असा आणखी एक रकाना करा. तुलनेतल्या सगळ्या वॉर्डांचं क्षेत्रफळ एकाच कार्यालयाच्या कागदातलं हवं. तसा कागद मिळत नसेल तर गूगल अर्थवर किंवा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये वॉर्डाची हद्द काढून स्वतः मोजा. समुद्राकडच्या वॉर्डात रेघ भरतीच्या रेषेवरून ओढायची की ओहोटीच्या, हे आधी ठरवा आणि सगळीकडे तेच पाळा.

पायरी ५: भागाकार, आणि तो गुंठ्यात वाचा

'दर चौरस किलोमीटरला ८७ हजार' हा आकडा डोळ्यांपुढे काही उभं करत नाही. आपल्याकडे जमीन कळते ती गुंठ्यात. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. गणित असं जुळतं की चौरस किलोमीटरला १० हजार माणसं म्हणजे गुंठ्याला जवळजवळ एक माणूस. म्हणून घनतेला दहा हजारांनी भागा, झालं.

'सी' वॉर्ड दोन चौरस किलोमीटरचाही नाही, १.९ धरला तर घनता येते सुमारे ८७ हजार. गुंठ्याला पावणेनऊ माणसं. त्यात रस्ता आला, देऊळ आलं, पेढी आली, गोदाम आलं, सगळं आलं. 'टी' वॉर्ड म्हणजे मुलुंड: ३,४१,४६३ माणसं, सुमारे ४५ चौरस किलोमीटर, घनता साडेसात हजार. चार गुंठ्यांत तीन माणसं. मुलुंडच्या वाचकांनी इथे भुवया उंचावल्या असतील, आणि ते बरोबरच आहे.

पायरी ६: जिथे कुणी राहत नाही ती जागा वजा करा

मुलुंडच्या हद्दीचा मोठा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात आहे. उरलेल्यातही खाडीकडची मिठागरं आणि कांदळवन आहे. माणसं राहतात ती मधल्या पट्ट्यात, रेल्वेच्या दोन्ही बाजूंना. बिबट्यांना वाटून दिलेली जागा माणसांच्या नावावर मांडली तर मुलुंड विरळ दिसणारच.

सगळी जागा धरून काढलेली ती ढोबळ घनता. न राहण्याजोगी जागा वगळून काढलेली ती निव्वळ घनता. राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे, त्यातले ४४ च्या आसपास मुंबई उपनगर जिल्ह्यात. जनगणनेच्या ४४६ मधून तेवढे काढले की उपनगरांची घनता २०,९८० वरून २३ हजारांच्या पुढे सरकते. एका जंगलानं एवढा फरक. पवई तलाव अजून काढलेलाच नाही.

याहून बोलकं उदाहरण 'एम पूर्व' वॉर्डाचं. गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर. ८,०७,७२० माणसं, सुमारे साडेबत्तीस चौरस किलोमीटर, घनता २५ हजारांच्या आत. तक्त्यात हा वॉर्ड अगदी मधला, साधासुधा दिसतो. शिवाजीनगरच्या गल्लीत दोन माणसं शेजारून चालू शकत नाहीत हे त्या आकड्यातून कळत नाही, कारण त्याच वॉर्डात ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, देवनारचं कचरा डेपो आहे, खाडीची दलदल आहे. समजा, निम्म्या जागेत कुणीच राहत नाही असं धरलं, तर घनता लगेच ५० हजारांवर जाते. हे 'समजा' आहे. तुम्ही नकाशावर मोजून खरा आकडा काढा. पण आधी ढोबळ आकडा पाहून "इथे बरी परिस्थिती आहे" असं म्हणू नका.

आता उलट बाजू. वजाबाकीला चटावलं की माणूस काहीही वजा करतो. रस्ते काढले, मैदानं काढली, शाळा काढल्या, मग इमारतींचे पायेच उरतात. मी जंगल, पाणी, कांदळवन, मिठागर, विमानतळ, बंदर, संरक्षण खात्याची आणि बंद कुंपणाची मोठी जागा एवढंच वगळतो. गल्ल्या, मैदानं, बाजार ठेवतो, कारण तो वस्तीचाच भाग आहे. तुमची यादी वेगळी असू शकते. ती लिहून ठेवा आणि दोन्ही बाजूंना सारखी लावा, बस.

पायरी ७: वॉर्ड फोडा

'जी उत्तर' वॉर्ड: ५,९९,०३९ माणसं, सुमारे ९ चौरस किलोमीटर, घनता ६६ हजारांच्या आसपास. या एका आकड्यात धारावीही आहे आणि २८ एकरांच्या मैदानाभोवतीचं शिवाजी पार्कही. दोघांनाही हा आकडा लागू पडत नाही. सरासरी म्हणजे काय, याचं इतकं चांगलं उदाहरण पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

वॉर्डाच्या आत शिरायला तयार तक्ते कमी पडतात. मग हातानं मोजावं लागतं. उपग्रह नकाशावर शंभर मीटर बाय शंभर मीटरचा चौकोन आखा. हे झालं एक हेक्टर, सुमारे अडीच एकर. त्यातल्या इमारती मोजा, मजले मोजा, एका मजल्यावर किती बिऱ्हाडं ते पाहा. यासाठी एकदा तरी प्रत्यक्ष जा. तळमजल्यावरचे पत्रपेट्यांचे डबे किंवा विजेचे मीटर मोजले की काम होतं. वॉचमनला सांगून मोजा, नाहीतर तुमचीच चौकशी सुरू होते. बिऱ्हाडांना त्या वॉर्डाच्या सरासरी कुटुंबानं गुणा. ती सरासरी गोषवाऱ्यात लोकसंख्येला कुटुंबांनी भागून मिळते. नव्या टॉवरमध्ये बंद फ्लॅट किती हे रात्री दिवे बघून अंदाजे कळतं. अशास्त्रीय वाटेल, पण विकल्या गेलेल्या फ्लॅटची संख्या धरण्यापेक्षा बरं.

सरावाला ब्रिटिश काळात सरकारनं बांधलेल्या बीडीडी चाळींचं उदाहरण घ्या, मूळ चाळींचं, पुनर्विकासाआधीचं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची, मजल्यावर २० खोल्या, म्हणजे चाळीत ८०. खोली १६० चौरस फुटांची. सगळी जमीन सुमारे ९२ एकर. खोलीत चारच माणसं धरा (लोअर परळच्या कुणाला विचाराल तर हसेल). २०७ गुणिले ८० म्हणजे १६,५६०. गुणिले चार म्हणजे ६६,२४०. भागिले ९२: एकरी ७२०. गुंठ्याला १८ माणसं, आणि तेही चाळींमधली पटांगणं धरून.

हा आकडा 'सी' वॉर्डाच्या पावणेनऊशी मात्र ताडून बघू नका. तो अख्खा वॉर्ड आहे, हे फक्त घरांचं आवार. तुकडा जितका लहान, तितका आकडा टोकाचा. एका जिन्याची घनता काढली तर ती कुठल्याही शहराला हरवेल.

उंचीवर जाऊ नका

नवख्यांची सगळ्यात चिवट समजूत ही: टॉवर दिसला की दाटी. बीडीडी चाळ चार मजल्यांची होती हे आत्ताच पाहिलं. आता 'जी दक्षिण' वॉर्ड पाहा: वरळी, प्रभादेवी, लोअर परळ. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले ते इथेच. २००१ साली इथे ४,५७,९३१ माणसं होती. २०११ साली ३,७७,७४९. ऐंशी हजार कमी. क्रेन वाढल्या, माणसं घटली. काही नव्या इमारतींत कार्यालयं आली, घरं आली ती मोठी. जुन्या खोलीत दर माणशी ४० चौरस फूट मिळत होते. तीन माणसांच्या हजार फुटी फ्लॅटमध्ये तीनशेच्या पुढे मिळतात. एफएसआय सांगतो जमिनीवर बांधकाम किती. त्यात माणसं किती हे तो सांगत नाही. बांधकामाची दाटी आणि माणसांची दाटी यांचे रकाने वेगळे ठेवा.

पायरी ८: सरासरी कुणाची?

दोन वॉर्ड एकत्र करून एक आकडा द्यायची वेळ आली तर जरा जपून. 'सी' आणि 'टी' घ्या. दोन्ही घनता मिळवून दोननं भागल्या तर ४७ हजार. हे सरळ चूक आहे, तक्त्यात खालच्या ओळीला आपोआप पडलेलं दिसलं तरी खोडा. सगळी माणसं मिळवून सगळ्या जागेनं भागलं तर १० हजार ८००. हे बरोबर, पण ही जमिनीच्या नजरेतली सरासरी आहे. तिसरी रीत: प्रत्येक वॉर्डाच्या घनतेला तिथल्या लोकसंख्येनं गुणा, बेरीज करा, एकूण लोकसंख्येनं भागा. उत्तर ३३ हजार ७०० च्या आसपास. ही भारित घनता. इथल्या सर्वसाधारण माणसाच्या वाट्याला किती दाटी येते, हे ती सांगते. काळबादेवीत राहणाऱ्याला मुलुंडच्या डोंगराचा काय उपयोग? शहराची उपनगराशी तुलना करताना मी हीच रीत वापरतो, आणि शेजारी जमिनीच्या नजरेतली सरासरीही देतो.

पायरी ९: हद्द कधी बदलली?

पुण्यात काम करणाऱ्यांनी ही पायरी भिंतीवर चिकटवावी. २०११ साली पुणे महापालिकेत ३१,२४,४५८ माणसं होती आणि हद्द सुमारे २४४ चौरस किलोमीटरची. घनता १२,८००. मग २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये २३ गावं, आणि हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. जुनी लोकसंख्या आणि नवी हद्द यांचा भागाकार केला की सहा हजार येतात. "पुणे निम्म्यानं विरळ झालं" असं कुणी लिहिलं तर कसबा पेठेतला माणूस काय म्हणेल ते इथे छापता येणार नाही. ज्या वर्षीची माणसं, त्याच वर्षीची हद्द. गावं जोडायची असतील तर त्या गावांची २०११ ची लोकसंख्याही जोडा. ती जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावनिहाय आहे.

तक्ता कसा दिसावा

शेवटी प्रत्येक वस्तीची एक ओळ, आणि रकाने असे: वस्तीचं नाव आणि हद्द, जनगणनेचं वर्ष, लोकसंख्या, क्षेत्रफळ, ते कुणाच्या कागदातलं, काय वगळलं, ढोबळ घनता, निव्वळ घनता, गुंठ्याला माणसं. पाहणाऱ्याला 'काय वगळलं' हा रकाना कंटाळवाणा वाटेल, पण भांडण झालं तर तोच वाचवतो.

पहिला सराव म्हणून 'सी', 'टी' आणि 'एम पूर्व' हे तीनच वॉर्ड घ्या. ढोबळ आकडे अर्ध्या तासात होतील. मग 'टी' आणि 'एम पूर्व'मधून डोंगर, खाडी आणि कुंपणं नकाशावर कोरून काढायला बसा. त्याला एक अख्खा रविवार लागेल, आणि डेपोची नेमकी कड कुठे संपते यावर तुमचं नकाशाशी भांडणही होईल.